बोर्ड म्हणजे मुळात फळी

बडोदे, १४ डिसेंबर १९९६

ति. श्रीपतराव यांस गोविंदचा सा. नमस्कार.

इकडे सर्व ठीक. तुमचा गुडघा थंडीत कुरकुरत असणार, त्याला तिळाचं तेल चोळत जा. पत्र कुरियरने पाठवतोय, कारण वसुंधरेने आत खाऊची पुडी घातली आहे आणि पोस्टातल्या मुंग्यांवर तिचा विश्वास नाही. पुडी आधी तोंडात टाका आणि मगच पुढे वाचा, अशी तिची ताकीद आहे. (बहीण तुमची. तिची ताकीद मोडली की काय होतं, ते माझ्याआधीपासून तुम्हाला ठाऊक आहे.)

तुमच्या चि. ईशानीसाठी वसुंधरेने सुचवलेलं घडियाळी पोळातलं (पोळ म्हणजे इथली जुन्या घरांची गल्ली) स्थळ परवा आम्ही दोघं पाहून आलो. फक्त पाहून या, शब्द देऊ नका, ही तुमची आज्ञा मी अक्षरशः पाळली आहे, हे आधीच सांगून टाकतो. तुमची पारख मी जाणतो. सोलापूरच्या मुलाच्या चपला झिजलेल्या, म्हणून तुम्ही त्याला चिक्कू ठरवलंत. मिरजेच्याच्या कोऱ्या करकरीत, म्हणून तो उधळ्या. तेव्हा मी ह्या मुलाच्या, देवेशच्या, चपला बघूनच उंबरा ओलांडला. मध्यम आहेत. मुलगा मकरपुऱ्याला यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, कंपनीची बस पोळाच्या तोंडाशी न्यायला येते, बोलतो बेताचं आणि ऐकून घेतो भरपूर. (हा गुण हल्ली दुर्मीळ झालाय.)

पगार, पत्रिका, न्हाणीघर स्वतंत्र आहे की भाडेकरूंबरोबर सामायिक, हे सगळं मी विचारणारच होतो. पण मुलाचे वडील दिनकरराव बोलता बोलता म्हणाले, की देवेश बारावीला बोर्डात आला होता. आता निवृत्त झाल्यापासून मी इंग्रजी शब्दांची कुळं शोधत असतो (वसुंधरा ह्याला रिकामपणची कामगिरी म्हणते), आणि माझ्यापुढे बोर्डासारखा शब्द असा उघड्यावर टाकायचा! मी म्हटलं, बोर्ड म्हणजे मुळात फळी. जुने इंग्रज फळी मांडून तिच्यावर जेवत, म्हणून फळीचं झालं टेबल. मग टेबलावरचं जेवणही बोर्डच, म्हणून जिथे राहायला-जेवायला मिळतं ते बोर्डिंग. पुढे त्याच टेबलाभोवती माणसं जेवायचं सोडून ठराव करायला लागली, ते डायरेक्टरांचं बोर्ड. परीक्षा घेतं तेही असंच एक टेबल. जहाजाची कडही बोर्डच, ती ओलांडून आत पाय टाकला की माणूस जहाजावर गेला, मग मध्येच उतरता येत नाही. भिंतीवरचा स्विचबोर्ड, कॅरमबोर्ड, देवेशच्या संगणकाचा कीबोर्ड, ही सगळी एकाच फळीची लेकरं. मुलाची आई निरुपमाबाई माना डोलावत आतबाहेर करत होत्या. आणि वसुंधरा, श्रीपतराव, चक्क कौतुकाने ऐकत होती. लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे मी रंगात आलो.

तेवढ्यात निरुपमाबाईंनी समोर पाट मांडून त्यावर चांदीची वाटी ठेवली. दाखला आयताच चालून आला. हा पाट म्हणजे बोर्ड आणि त्याच्यावरचं खाणं तेही बोर्ड, असं म्हणत मी वाटीतली चिमूट उचलून तोंडात टाकली. गूळ आणि धणे होते. मग दिनकरराव उठले, मला मिठी मारली आणि म्हणाले, "चला, आता आपण वेवाई झालो." (वेवाई म्हणजे गुजरातीत व्याही.)

तुमच्याकडे ही रीत नाही म्हणून सांगतो. आमच्या बडोद्यात मराठी घरांनीही गुजराती मंडळींचा गोळधाणा उचललाय. मुलीकडच्या माणसाने गूळ-धणे तोंडात घातले की लग्न ठरलं, मग कुणी मागे फिरत नाही. मी इथे जन्म काढलाय, मला हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. पण त्या क्षणी मी जहाजावर होतो. शेजारीपाजारी लिलो चिवडा (इथला बटाट्याचा ओलसर चिवडा) घेऊन हजर झाले, आणि इतक्या आनंदात असलेल्या माणसांना, थुंकून आलो तर चालेल का, असं विचारणं मला काही जमलं नाही. तरी तुम्ही निर्धास्त असा. माझ्या तोंडून शब्द म्हणून बाहेर गेलेला नाही. झालं ते आत गेल्यामुळे झालं, आणि त्याबद्दल तुमची आज्ञा काहीच नव्हती.

वहिनींना नमस्कार, ईशानीला आशीर्वाद. रागावलात तरी लोभ आटवू नये.

तुमचा,
गोविंद

ता. क. : खरं काम राहिलंच. "गोविंदरावांनी जे केलं ते माझ्याच सांगण्यावरून," अशा दोन ओळी दिनकररावांना लिहून टाका. नाहीतर मला ह्या जन्मी घडियाळी पोळावरून जाता येणार नाही, आणि माझा न्हावी तिथेच आहे.

ता. क. (हे अक्षर माझं, वसुंधरेचं) : दादा, ह्यांच्यावर रागावू नकोस. मे महिन्यात ईशानी इथे राहायला आली होती तेव्हाच दोघांनी एकमेकांना पसंत केलंय. तुला सांगायची तिला भीती वाटते, फोनवर नुसती रडते पोरगी. तुला विचारलं असतं तर चपला मध्यम का, म्हणूनही तू नाही म्हणाला असतास. बोर्डाचा विषय काढायला दिनकररावांना मीच सांगितलं होतं, आणि पाट कधी मांडायचा ते निरुपमाबाईंना. बोलण्याच्या भरात ह्यांच्यापुढे काहीही ठेवलं तरी हे खातात. तू मात्र सावकाश विचार करून काय ते ठरव, असंच मी लिहिणार होते. पण पुडी खाल्लीस ना? त्याच वाटीतली होती.