काचेचं सामान

आई,

काल सामान बांधणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याने पिशवीतून एकेक नमुना काढून जेवणाच्या टेबलावर मांडला आणि विचारलं, पेट्यांत वस्तूंच्या मध्ये काय भरायचं ते सांगा. बबल रॅप होतं, खाकी कागदाचं भेंडोळं होतं, थर्माकोलचे वाकडेतिकडे तुकडे होते, हवा भरलेल्या प्लास्टिकच्या चिमुकल्या उशा होत्या. माणूस चिनी, माझ्याहून बराच मोठा. इथे अशांना सगळे अंकलच म्हणतात. नवरा जाऊन महिनाही न झालेल्या बाईशी किती हळू बोलावं हे त्याला नेमकं कळत होतं आणि मला त्याचाच राग येत होता. सध्या मला सगळ्यांचाच राग येतो, हळू बोलणाऱ्यांचा जरा जास्त.

तुझा जावई तू पाहिला नाहीस. माझं लग्न ठरायच्या आधीच तू गेलीस, म्हणून ओळख करून देण्याचीही वेळ आली नाही आणि आता करून देते आहे ती अशी. तो इथे एका बँकेत कॉम्प्युटरच्या कामावर होता. आम्ही हौगांग नावाच्या उपनगरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. पोटात दुखतं म्हणून नोव्हेनाच्या हॉस्पिटलात गेला तो स्वतःच्या पायांनी, एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, आणि डॉक्टरांनी जे सांगितलं ते आपल्याकडचा पावसाळा संपायच्या आत खरं करून दाखवलं. त्याच्या नोकरीवर त्याचा इथे राहायचा पास आणि त्याच्या पासावर माझा आणि लेकीचा. तो गेला तसे आमचेही पास गेले. इथले लोक हे सगळं फार सभ्यपणे सांगतात, निघायला मुदत देतात, कंपनी सामान पोचवायचा खर्चही करते. थोडक्यात, घर सोडायचं आहे आणि पुण्याला सासूबाईंकडे जाऊन राहायचं आहे. मला तिथे राहायचं नाही. पण दुसरीकडे जायला जागा नाही, हेही तितकंच खरं.

अंकलने एक रिकामा खोका घेतला, त्यात माझी एक वाटी टाकली आणि कानाशी धरून हलवला. वाटी खडखडली. “गॉट साउंड, मीन्स नॉट इनफ लाह, मॅडम,” तो म्हणाला. बाहेरून धक्का लागून जेवढं फुटतं त्याहून जास्त आतल्या आत हलून फुटतं, म्हणून मध्ये जे काही घालाल ते दाबून घाला, असं त्याचं म्हणणं. मी मान डोलावत होते, पण मला दिसत होतीस तू. कारखान्याच्या कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली फतकल मारून बसलेली, लाकडी पेटीला कान लावलेली. “पेटी बोलता कामा नये,” असं तू म्हणायचीस. बोलली की झाकण काढून आणखी भरायचीस.

मी आठवीत आहे. बाबांना जाऊन पंधरवडा होऊन गेला आहे आणि क्वार्टर नव्या माणसाच्या नावावर झालं आहे. तो माणूस एकदा बायकोला घेऊन येऊन जागा बघूनही गेला. त्याच्या बायकोने आपल्या मोरीचा नळ सोडून पाहिला, पाणी कसं येतं ते, आणि तू दारात उभी राहून म्हणालीस, “सकाळी लवकर येतं, भरून ठेवावं लागतं.” मग आत येऊन पुन्हा बांधाबांध करायला बसलीस. लोणच्याच्या बरण्या, आजीकडून आलेल्या, जड, पिवळ्या गळ्याच्या, त्या तू भुशात आणि वर्तमानपत्रात गुंडाळल्यास. कपबश्या मात्र बाबांच्या शर्टांत. एकेका कपाला एकेक शर्ट. बाही कपाच्या आत कोंबायची, उरलेला शर्ट भोवती, वर गुंडी लावायची. माझ्याकडे न बघता तू हे करत होतीस आणि मीही काही विचारलं नाही. तू कामात असलीस की तुला विचारायची सोय नव्हती.

आत्या आली ती त्याच वेळी. तेरावा होऊन गेल्यावर गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवायचे नाहीत, देऊन टाकायचे, नाहीतर त्याचा जीव त्यात अडकतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आत्या मागच्या दाराने आत आली, पेटीत डोकावली आणि तिथेच खाली बसली. “वहिनी, चिंध्या केल्यात हो माझ्या भावाच्या कपड्यांच्या!” रडायला लागली. तू वर पाहिलंस. मला वाटलं आता तूही रडणार. पण तू म्हणालीस, “मग कपबश्या कशात गुंडाळू वन्सं? तुमचं लुगडं सोडून देता का?” शेजारची बाई दारात होती, तिने सगळं ऐकलं. नंतर कॉलनीत चार घरी बोलून झालं, की बाईला नवऱ्यापेक्षा कपबश्यांची काळजी. तू मला शाईची दौत आणि ब्रश आणायला पिटाळलंस आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलंस: काचेचं सामान.

वाटेत बरण्यांपैकी एकीला तडा गेला. कपबश्या शाबूत पोचल्या. म्हणजे पोचल्याच असणार, कारण ती पेटी तू उघडलीच नाहीस. नव्या जागी ती माळ्यावर चढली. कोणी विचारलं तर “काचेचं सामान आहे, सध्या लागत नाही” हे तुझं उत्तर ठरलेलं. पाहुणे आले की आपण शेजाऱ्यांकडून कप आणायचो. मला लाज वाटायची.

तू गेल्यावर माळा मीच रिकामा केला. पेटी खाली काढली, झाकण उचकटलं. कप सगळे टवके उडालेले होते आई. एकाला तर कान नव्हता, आणि पेटीत तुटका तुकडा एकही नाही. असे कप तू मोलकरणीलाही दिले नसतेस. मी पायरीवर बसून एकेक शर्ट सोडवला आणि मला तुझा रागच आला, की फुटक्या कपांपायी चांगले शर्ट का नासवले. शर्टांना बाबांचा वास येईल अशी वेडी आशा होती, म्हणून एक नाकाशी धरला. डांबराच्या गोळ्यांचा वास आला, दुसरा कसलाच नाही. शर्ट मी एका संस्थेला देऊन टाकले आणि कप कचऱ्यात. तेव्हा मला काही म्हणजे काही कळलं नाही. कळायला इथे यावं लागलं, या टेबलाशी, या माणसासमोर.

झालं असं, की माझी नणंद तो हॉस्पिटलात असतानाच आली आणि महिनाभर इथे राहिली. मोठी आहे, मनाने चांगली आहे, माझ्यापेक्षा तिनेच घर सांभाळलं. तिने त्याचं कपाट रिकामं करून सगळे कपडे काळ्या पिशव्यांत भरले आणि दाराशी ठेवले. खाली लिफ्टच्या बाहेर जुने कपडे टाकायची पेटी आहे, त्यात टाकायचे म्हणून. मी म्हटलं, “ताई, राहू दे ना थोडे दिवस.” ती म्हणाली, “अगं, मलाही काय सोपं जातंय का? पण आईने फोनवर बजावलंय. काही म्हणजे काही तिकडे आणायचं नाही, नाहीतर ती शांत बसायची नाही. तिच्याचकडे राहायचंय तुला पुढे, आत्तापासून वाकड्यात शिरू नकोस.” परवा ती परत गेली. त्याच्या अस्थी तिने हातातल्या पिशवीतून विमानात नेल्या, मांडीवर घेऊन, कागदपत्रं वेगळ्या पाकिटात. अस्थी चालतात, नाशिकला सोडायच्या असतात. शर्ट चालत नाहीत. मी भांडले नाही. पिशव्या मी टाकते म्हणाले, आणि काल सकाळी सासूबाईंचा फोन आला, “दिलेस का कपडे?” तर “दिले” म्हणाले.

पिशव्या तेव्हा माझ्या पलंगाखाली होत्या.

आणि मग अंकलने विचारलं, मध्ये काय भरायचं. कागद, प्लास्टिक, थर्माकोल, सगळं समोर मांडलेलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “कपडे चालतात का?” तो म्हणाला, “कॅन. व्हाय नॉट? मेनी पीपल डू.” कपडे उलट चांगले, म्हणाला, मऊ असतात, घट्ट बसतात. त्या क्षणी तू मला दिसलीस, कपाच्या पोटात बाही कोंबताना. आई, तुला कपांची काडीची काळजी नव्हती. बरण्या जपायच्या होत्या त्या तू भुशात घातल्यास आणि एक गमावलीस. शर्ट घराबाहेर जाऊ नयेत म्हणून तू फुटके कप शोधून काढलेस. आत्याचं, कॉलनीचं, सगळ्यांचं बोलणं तू अंगावर घेतलंस, कारण कोणी “नवऱ्याचे कपडे उराशी धरून बसली” म्हणण्यापेक्षा “कपबश्यांसाठी चिंध्या केल्या” म्हटलेलं तुला परवडत होतं. मलासुद्धा तू हेच समजू दिलंस. माळ्यावर आयुष्यभर तुझा नवरा ठेवलास आणि मी ते सामान पायरीवर बसून वाटून टाकलं.

पण अंकलचं बोलणं संपलं नव्हतं. कपडे धुतलेले हवेत, खडखडीत वाळलेले हवेत. कंटेनर बंद, समुद्रातला दमटपणा, महिना-दीड महिना. घामाचे, अंगावरचे तसेच घातलेत तर बुरशी धरेल आणि सगळ्या पेटीला लागेल. “मस्ट वॉश, मॅडम,” तो पुन्हा पुन्हा म्हणाला. त्याला काय माहीत की पिशव्यांतले अर्धे कपडे मी मुद्दामच धुतले नव्हते. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशीचा निळा टी-शर्ट, ऑफिसचे दोन शर्ट, कॉलर मळलेली. रोज मी पलंगाखाली हात घालत होते. ते काय असतं ते तुला सांगायला नको.

आज सकाळी मी सगळे मशीनमध्ये घातले. बटण दाबलं आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. शेजारच्या देशात रानं पेटवलेली आहेत. त्याचा धूर दरवर्षी या सुमाराला इथे येतो. सकाळी हवा जरा निवळलेली दिसली, म्हणून मी इथल्या पद्धतीने कपडे लांब बांबूंवर घालून खिडकीबाहेर लावले. मग नेमकी मला डुलकी लागली. दुपारी जाग आली तेव्हा समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. धावत जाऊन बांबू आत ओढले. शर्ट वाळले होते, खडखडीत. आणि सगळ्या शर्टांना जळल्याचा वास होता. मी ते अंथरुणावर टाकले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. पुन्हा धुवायला पाणी आहे, मशीन आहे, पण आता काय परत आणायचं होतं?

लेक शाळेतून आली ती तोंडाला मास्क लावून. पलंगावर शर्टांचा ढीग पाहिला, निळा टी-शर्ट उचलला आणि नाकाशी धरला. म्हणजे तीही पलंगाखाली हात घालत होती, मला पत्ता नव्हता.

“ममा, यू वॉश ऑलरेडी आह?”

“धुवावे लागले गं. बुरशी आली असती.”

“पप्पा स्मेल्स लाइक फायर,” ती म्हणाली. रडली नाही. टी-शर्ट व्यवस्थित घडी करून ढिगावर ठेवला आणि तिच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. अजून बाहेर आली नाही. मी दोनदा दार वाजवलं. जेवणार नाही म्हणते. दहा वर्षांच्या पोरीला मी काय समजावू? की तिच्या आजीने, म्हणजे तू, एवढ्या वर्षांत जो वास राखला होता तो डांबराच्या गोळ्यांचा होता? की वास राहत नाहीच, काही केलं तरी राहत नाही, आणि हे माहीत असूनही मी हे शर्ट समुद्रावरून नेणार आहे, सासूच्या घरात चोरून ठेवणार आहे, आणि कोणी विचारलं तर तुझंच वाक्य म्हणणार आहे?

मघाशी पेटी भरून झाली. एकेकाला एकेक शर्ट, बाही आत, गुंडी वर. निळा टी-शर्ट अगदी मधोमध. कान लावून हलवली. बोलत नाही. झाकणावर मार्करने लिहिलं आहे, मराठीत, म्हणजे सासूबाईंना वाचता येईल. अंकल उद्या येऊन चिकटपट्टी लावेल. हे पत्र आत टाकावंसं वाटलं होतं, पण आता पेटीत कागदालाही जागा नाही, म्हणून ते फाडून टाकीन. तू तरी कुठल्या पत्त्यावर आहेस?

एक मात्र तुलाच सांगते, दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. या घरात आमच्याकडे फुटण्यासारखं काही नव्हतं आई. स्टीलची ताटं, प्लास्टिकचे डबे, मेलामाइनचे मग, भाड्याच्या घरात असतं तसं. म्हणून संध्याकाळी लेकीचं दार लावलेलंच होतं तेव्हा मी धुरातून खाली उतरले आणि आमच्या इमारतीखालच्या दुकानातून काचेचे ग्लास विकत आणले. सगळ्यांत स्वस्त होते ते. दुकानदाराने विचारलं, कागदात गुंडाळून देऊ का. मी म्हटलं, नको, घरी आहे.