चाळीस पॉइंटांचा कॅप्टन

२८ ऑक्टोबर २०१८, रविवार
भातकापणी उरकली. आता कबड्डी लीग. यंदा फायनल आमची झरीच मारणार. लिहून ठेवतो.

अडचण एकच. लिलावात प्रत्येक टीमला शंभर पॉइंट, सगळे खेळाडू त्यातच बसवायचे. जुना खेळाडू ठेवला की त्याचे जुने पॉइंट आधीच कापतात. आमचा रेडर लाहू तीस, बाकी सगळे मिळून तीस, कॅप्टन चाळीस. उरले शून्य. आणि पकडीला मला वाणगावचा तुषार हवाय.

कॅप्टन मी. आकडा गेल्या वर्षी मीच सांगितला होता. मान असतो.

१ नोव्हेंबर
कमिटीला म्हटलं, माझे चाळीसचे पाच करा. म्हणाले, नियमात नाही. खेळाडू सोडा, लिलावात परत घ्या. हा नियम वेवजी टीमचा कॅप्टन नविन, त्यानेच घुसवला असणार. कमिटीला तो ताडी पाजतो, मी पाहिलंय. मीही प्यायलो, पण चौकशीसाठी.

दक्षा म्हणाली, मग तुम्हीच सुटा ना. बायकोला कबड्डीतलं काय कळतं!

२ नोव्हेंबर, पहाटे ५
युक्ती सुचली. स्वतःला सोडायचं आणि पाचात परत घ्यायचं. पस्तीस पॉइंट मोकळे! युक्ती संपूर्ण माझी.

६ नोव्हेंबर
नविन मला पळवणार. बोली पन्नासवर नेईल. म्हणून आजपासून लंगडतोय. तलासरीच्या बाजारात सगळ्यांना सांगितलं, गुडघा गेला. दोनदा पाय बदलला, कोणाच्या लक्षात आलं नाही.

१२ नोव्हेंबर
नविन भेटला. गुडघ्याची चौकशी केली. फारच गोड बोलला. संशय पक्का.

१७ नोव्हेंबर
ज्याचा लिलाव, त्याला टीमच्या टेबलावर बसता येत नाही. माझ्या जागी लाहू बसेल. बजावलं, माझं नाव आलं की लगेच हात वर करू नको, नविनला वास लागेल. दुसऱ्याचा हात गेला की मगच. तीनदा वदवून घेतलं. लाहू शब्दाचा पक्का.

१८ नोव्हेंबर, रविवार
माझं नाव पुकारलं. मी नविनकडे पाहिलं. लाहूही नविनकडेच पाहत होता. नविनचे दोन्ही हात मांडीवर.

एक वार. दोन वार. अनसोल्ड.

लाहू म्हणाला, ‘चिमणदादा, दुसऱ्याचा हात वर झालाच नाय. तुम्हीच सांगलेलं.’ मग त्याने तुषारला पस्तीसला घेतलं, वर एक जण पाचाला. टीम भारी झाली, असं सगळे म्हणत होते. मला रडूच आलं.

१९ नोव्हेंबर
सकाळी नविन घरी हजर. हातात बाटली, त्याच्या आईने पाला उकळून केलेलं तेल. म्हणाला, ‘दादा, तुमच्यावर वीस पॉइंट ठेवलेले मी. पण म्हटलं, असल्या गुडघ्याने खेळवलं तं पाय कायमचा जायचा.’

यात डाव काय, ते दुपारपर्यंत शोधलं. सापडला नाही.

शेवटी दक्षा तेल चोळायला बसली. विचारलं, कोणता गुडघा? मला आठवेना. दोन्हींना चोळून घेतलं.