साहेबांच्या फाइली चिरंजीव

ती. मुकुंदमामा व सौ. मामींना,

बडोद्याहून देवेशचा साष्टांग नमस्कार (गुडघा सुजलाय, तेवढं एक अंग धरू नये). नाशिकची हवा मानवली का? मामींची शुगर ताब्यात आहे ना? इकडे आम्ही ठीक, म्हणजे नोकरी आहे तोवर ठीक.

तुम्ही लॅबमधून निवृत्त झालात आणि आपल्या कारखान्यात नवं बॅकअप सॉफ्टवेअर आलं. त्यात स्टोरेज पॉलिसी नावाची भानगड असते. जुन्या फाइली सर्व्हरवरून उचलून दुसऱ्या डिस्कवर न्यायच्या आणि तिथे मुदत संपली की पुसायच्या, असा तो नियम. मी शहाण्यासारखा कामाचं महत्त्व पाहून मुदती लावल्या होत्या. आपल्या मॅनेजरसाहेबांनी, विश्वासरावांनी (पणजोबा संस्थानात कारभारी होते, हे तुम्ही दर दिवाळीला ऐकलंच आहे) ते पाहिलं आणि दुखावल्या आवाजात म्हणाले, "मॅनेजरच्या आणि ट्रेनीच्या फाइलला एकच मुदत? काही पायरी आहे की नाही?" मग दरबारात मानकरी बसवावेत तशा त्यांनी फाइली हुद्द्याप्रमाणे बसवल्या. मॅनेजरच्या कायम, ऑफिसरच्या वर्षभर आणि शर्वरीच्या (तुमच्या जागी आलेली मुलगी, हुद्दा ट्रेनी) सात दिवस. तुमचं सगळं जुनं काम तिच्या नावावर चढलं होतं, त्यामुळे तेही रातोरात ट्रेनीचं झालं. मी तोंड उघडलं, तर "ए तो चालशे" म्हणाले. बडोद्यात यापुढे चर्चा होत नाही.

परवा एका मोठ्या गिऱ्हाइकाने गेल्या वर्षीच्या मालाच्या, म्हणजे तुम्ही केलेल्या चाचण्यांचे आकडे मागितले. नाही दिले तर सगळा माल परत. शर्वरी शोधून दमली, मग मी बसलो. सर्व्हर बंद करून चालू केला, केबली काढून पुन्हा खोचल्या, पॉलिसी उलटीसुलटी वाचली. सॉफ्टवेअर आपलं रोज हिरवी खूण दाखवतंय. करजणच्या गोदामात दुसरी प्रत ठेवतो, तीही धावत जाऊन पाहिली. तिथेही तीच पॉलिसी, त्यामुळे तिथेही साहेबांच्या सोसायटीचा गरबा, कन्येचा साखरपुडा आणि साहेब सत्कार स्वीकारताना (चारही बाजूंनी) एवढंच सुखरूप होतं. शेवटी सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतकक्षाला फोन लावला. तिथल्या माणसाने बराच वेळ तपासून अत्यंत समाधानाने सांगितलं की, काहीच बिघडलेलं नाही, पॉलिसी सांगितल्याबरहुकूम चालली आहे.

आता पुढच्या सोमवारी चौकशी आहे. अध्यक्ष स्वतः विश्वासराव. पॉलिसी कोणी ठरवली हा प्रश्न त्यांनी विषयातून वगळलाय, बटण कोणी दाबलं एवढाच ठेवलाय. बटण मी दाबलं. शर्वरीलाही निष्काळजीपणाची नोटीस मिळाली आहे. ती पोरगी जेवणाच्या सुट्टीत एकटी बसून रडत होती. मामा, मला स्वतःची भीती वाटतेच, पण तिला पाहून संताप येतो. असो. लहानांना आशीर्वाद.

आपला भाचा,
देवेश

ता. क. : निघताना तुम्ही लॅबचं सगळं काम एका हार्ड डिस्कवर उतरवून नेलंत, असं मामी आईला फोनवर म्हणाल्या (तक्रारीच्या सुरात, तुम्ही साठवलेल्या रिकाम्या डब्यांच्या पाठोपाठ). कंपनीचा डेटा घरी नेणं हा गुन्हा आहे. तो नियम मीच लिहिलाय. रविवारी डिस्क घेऊन येता का?

ता. क. २ : हे ईमेलने लिहिलं नाही, कारण आमचे ईमेल साहेब वाचतात. पत्र नाशिकच्या बसवाल्याकडे देतोय.

ता. क. ३ : एखाद्या जुन्या माणसाकडे प्रत सापडली तर, असं साहेबांना आडून विचारलं. म्हणाले, "मॅनेजरकडे सापडली तर दूरदृष्टी, खालच्याकडे सापडली तर चोरी." तेव्हा डिस्कवर तुमचं नाव असेल तर तेवढं खरवडा आणि ठळक अक्षरात विश्वासरावांचं घाला. सत्कार त्यांचा होईल, फोटो मी काढीन.