दोन्ही वेळा वर गेलेला हात

प्रिय ताई,

फोन न करता लिहायला बसले आहे, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि या वेळी माझं वाक्य कुठे जाऊन पुरं होणार हे माझं मलाच ठाऊक नाही. डोक्यात नुसता गुंता झालाय. एक टोक ओढावं तर दुसरीकडे गाठ बसते. तेव्हा सुचेल तसं लिहिते. तू नर्स आहेस, दुखणाऱ्या माणसाची उलटसुलट हकिगत ऐकून घ्यायची तुला सवय आहे.

मी अजून क्रेनवरच आहे, हे आधी सांगून टाकते. राहीन की नाही, अशी वेळ आली होती. यार्डात दोन नव्या जहाजांचं काम येणार येणार म्हणत होते, ते आलंच नाही. गोदीत जे एक उभं आहे त्याला रंग लागतोय, आणि ते पाण्यात उतरलं की मागे काही नाही. वर केबिनमध्ये बसणारीला हे सगळ्यांच्या आधी दिसतं. पोलादी पत्र्यांच्या थप्प्या खाली खाली जात होत्या. एके दिवशी खालून मला खुणा करणारा रिगर नुसताच हात हलवायला लागला, कारण उचलायला काही नव्हतंच. मीही वरून हात हलवला. दोघं हसलो.

मग कंपनीने युनियनपुढे दोन वाटा ठेवल्या. एक तर माणसं कमी करायची, म्हणजे शेवटी लागलेले आधी जाणार. त्यात मी आले, आणि माझ्याबरोबर लागलेले सगळे रंगारी. नाहीतर कुणालाच काढायचं नाही, पण ओव्हरटाइम साफ बंद, आणि कंपनीच्या खर्चाने होणारे उपचार यापुढे फक्त नवराबायको आणि मुलांना. कामगाराच्या आईवडिलांना नाही. आता सासूबाईंचं डायलिसिस कशावर चालतं, हे तुला सांगायला नकोच. एक दिवसाआड त्यांना घेऊन जायचं, चार तास बसायचं, परत आणायचं. गेली काही वर्षं आमचं घड्याळ तेच आहे.

तुझे मेहुणे युनियनच्या कमिटीवर आहेत, आणि वेल्डर असूनही सगळं यार्ड त्यांना मास्तर म्हणतं, कारण कुठलाही नियम ते फळ्यावर लिहिल्यासारखा समजावून सांगतात. हे दोन प्रस्ताव सगळ्यांना समजावून सांगायचं कामही त्यांच्याकडेच आलं. दुपारच्या सुट्टीत, कँटीनमध्ये. एका बाजूला बायकोची नोकरी, दुसऱ्या बाजूला आईचा जीव, आणि हा माणूस दोन्हींचे फायदेतोटे असे सांगत होता, जणू कुठल्या परक्या गावची बातमी वाचतोय. ताई, मला वाटत होतं, यांनी एकदा तरी अडखळावं. माझ्या बाजूने बोलावं असंही नाही. कुठल्याही एका बाजूने बोलावं. ते बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “माझ्या घरचा प्रश्न यात आहे, तो सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी मत देणार नाही, नुसता मोजणार.” आणि खडू पुसल्यासारखे हात झटकले.

मग बरीच हमरीतुमरी झाली. एक फिटर म्हणाला, ओव्हरटाइम गेला तर घराचे हप्ते काय साहेब भरणार? मग आमचा म्हातारा सुतार उठला. मागच्या कपातीत तो घरी बसला होता, पुढे काम आल्यावर परत घेतला. तो एवढंच म्हणाला, “तेव्हा मी गेलो आणि तुम्ही सगळे खाली बघत होतात. आज पुन्हा खाली बघायचं असेल तर बघा.” मतदान हात वर करून झालं. आधी विचारलं, कपात कुणाला मान्य? आणि माझा हात वर गेला. खरंच सांगते, मी ठरवलेलं नव्हतं. मला समोर सासूबाईंचा तो सुईने काळानिळा झालेला दंड दिसत होता. मग विचारलं, ओव्हरटाइम आणि सवलती सोडायला कोण तयार? तेव्हा मला माझी केबिन दिसली, सकाळचं गार लिव्हर, आणि हात पुन्हा वर. शेजारचा गॅसकटर म्हणाला, “वहिनी, एकच हात!” सगळे खो खो हसले. मास्तर मोजत मोजत माझ्यापाशी आले, क्षणभर थांबले आणि मोठ्याने म्हणाले, “हे मत बाद.” माझ्याच नवऱ्याने माझं मत बाद केलं. तरी नोकऱ्या वाचवणारी बाजू चांगली घसघशीत फरकाने जिंकली, माझ्या मताने काही बिघडणार वा घडणार नव्हतं. लोक माझी पाठ थोपटून गेले. मला अभिनंदन घ्यावं की सांत्वन, कळेना.

आता ओव्हरटाइम नाही, त्यामुळे मास्तर उजेडी घरी येतात. घराला याची सवय नाही आणि त्यांना तर मुळीच नाही. परवा त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मीठ शोधायला मला अर्धा तास लागला. रागवावं तर बिचारे वाटतात. एकदा मी विचारलंच, “तुम्ही मत दिलं असतंत तर हात कधी वर केला असतात?” ते म्हणाले, “विचारू नकोस. मला उत्तर माहीत आहे आणि ते मला आवडत नाही.” तेव्हापासून मी त्यांच्याकडे बघते आणि वाटतं, ते उत्तर मी असेन तर मला आनंद व्हायला हवा. होत नाही. आणि मी नसेन तर राग यायला हवा. तोही येत नाही. हे काय आहे, ताई?

सासूबाईंपासून आम्ही सगळं लपवलं होतं. पण फिटरच्या बायकोने येऊन भडाभडा सांगून टाकलं. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि म्हणाल्या, “मी काय लोखंडाचा पत्रा आहे, तुम्ही उचलून ठेवाल तिथे राहायला?” मास्तर काहीतरी समजावायला लागले, तर म्हणाल्या, “तू गप. हिला क्रेन शिकायला मी पाठवलं, तू नाही. तू तेव्हाही दोन्ही बाजू सांगत बसला होतास.” हे खरं आहे. तुला हे मी कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांचं नाव काढलं की तू विषय बदलतेस. बदलणारच. लग्नाआधी आमच्या बैठकीत त्या म्हणाल्या होत्या, आई नसलेल्या मुलीला वळण कुठून असणार, आणि मला वाढवणारी तू समोर बसली होतीस. तू हातातला कप खाली ठेवून उठलीस, ती आजवर या घरात आली नाहीस. तुझं चुकलं असं मी कधीच म्हटलं नाही. पण ज्या बाईने ते वाक्य उच्चारलं, तिनेच मला क्रेनच्या शिडीवर चढवलं, आणि या दोन्ही बायका एकच आहेत हे मला अजून नीट जुळवता येत नाही.

तर आता लिहायचं कारण. तुझ्या सरकारी दवाखान्यात डायलिसिस मोफत होतं, आणि तुझं घर तिथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. सासूबाईंना तुझ्याकडे ठेवून घेशील का? ही कल्पना माझी नाही, त्यांची आहे. मी म्हटलं, अहो, पण तुमचं आणि ताईचं… तर म्हणाल्या, “म्हणूनच. गोड बोलणाऱ्या नर्सपेक्षा भांडणारी बरी, निदान लक्ष ठेवील. आणि तिला सांग, मी काय बोलले होते ते मी विसरलेली नाही.” याहून जास्त माफी त्यांच्याकडून निघेल असं मला वाटत नाही. मी त्यांना घालवतेय, की त्या मला क्रेनवर ठेवून निघाल्यात, हे मला समजत नाही. त्या जाणार म्हटल्यावर आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच इतकी लाज वाटली की मी बाहेर जाऊन उभी राहिले. तू नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन. पण फोन केलास तर मला बोलवू नकोस, त्यांनाच बोलाव. पत्र अजून टपालातही पडलेलं नाही, तरी सकाळपासून त्या फोनजवळ बसून आहेत, आणि आपण फोनजवळ बसलेलो नाही असं दाखवतायत.

तुझीच,
धाकटी