बाळंतपणाच्या खोलीचं बिल

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस आता आमच्या बाजूला बहुतेक मी एकटीच उरले असेन. काल माझी नात आली होती. तीही माझ्यासारखी नर्स. बोलता बोलता म्हणाली, "आजी, पगार रखडलाय. वरून पैसेच येत नाहीत." मी विचारलं, "वरून येत नाहीत, की खालून वेळेवर कुणी मागितले नाहीत?" ती हसली. तिला वाटलं, म्हातारी काहीतरी बोलते. पण वाक्य माझं नव्हतं. ते तुमचं होतं, आणि माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की माझी मीच चकित झाले. म्हणून आज दुपारी घरातले सगळे आडवे झाल्यावर कागद घेऊन बसले आहे.

ते लढाईचे दिवस. माझे मालक पलटणीत, कुठल्या मुलखात आहेत तेही नीट ठाऊक नाही. मी नगरला सुईणीचं शिक्षण घेतलेलं, म्हणून जिल्ह्याच्या लोकल बोर्डानं मला मिरजगावच्या अलीकडच्या गावात दवाखान्यावर नेमलं. दवाखाना कसला, दोन खोल्या. एकीत औषधं, दुसरीत बाळंतपणाची खाट. डॉक्टर कर्जतला राहायचे, आठवड्याच्या बाजाराला यायचे. मागच्या पडवीत मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्या खोलीचा खर्च, म्हणजे माझा पगार, कापूस, औषधं, रॉकेल, आधी बोर्डानं करायचा आणि मग बिल करून सरकारी ग्रांटीतून परत मिळवायचा, अशी रीत होती. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. पगार थकलाय, आणि दुकानात ज्वारी मागताना आत्याबाईंचा आवाज खाली गेलाय, एवढं दिसत होतं. तशात बातमी आली की बोर्ड ही खोली बंद करणार. खोली नव्हती तेव्हा अडलेल्या बाईला बैलगाडीत घालून नगरच्या वाटेला लावायचे, आणि कितीतरी जणी वाटेतच जायच्या. गावातल्या बायका मला येऊन विचारू लागल्या, "बाई, खरंच जाता व्हय तुमी?" मी पदर खोचला आणि नगरला निघाले.

तुमच्या कचेरीत मी तावातावानं शिरले ते आठवतं? तुम्ही हेडक्लार्क, टेबलावर दप्तरांची उतरंड, मधे तुमची काळी टोपी तेवढी दिसत होती. मी काय काय बोलले कोण जाणे. सरकार निर्दय आहे, बोर्ड निर्दय आहे, बायांच्या जिवाची कुणाला किंमत नाही. तुम्ही मधे एकदाही तोडलं नाही. शिपायाला सांगून मला पाणी दिलंत, स्टूल दिलं, आणि माझं सगळं संपल्यावर चष्मा पुसत म्हणालात, "बाई, खोलीत किती बाळंतपणं झाली, काय खर्चलं, याचा तिमाही तक्ता तुम्ही पाठवायचा असतो. पाठवलात?" मी म्हटलं, "मी बाळंतपणं करू की तक्ते करू?" तेव्हा मात्र तुमचा आवाज चढला. "दोन्ही करा. तुमच्या कागदांची वाट बघत माझं बिल बसलंय, आणि माझ्या बिलाची वाट बघत तुमचा पगार बसलाय. वरून पैसे येत नाहीत म्हणून सगळे रडतात. खालून वेळेवर मागतं कोण? मार्चअखेर गेली की त्या वर्षाची ग्रांट बुडते, बाई. मग तुम्ही केलेली बाळंतपणं सरकारच्या लेखी झालीच नाहीत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही ते पाहिलंत, पण समजूत घातली नाहीत. खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसलात आणि कोरा तक्ता पुढे ठेवलात. इथे हे, इथे ते. दुकानदाराची पावती घ्यायचीच, तो कुरकुरला तरी. कापूस किती आला, किती लागला. शेवटी डॉक्टरांचा दाखला आणि सही. कचेरीतली मंडळी डबे खाऊन आली तरी तुम्ही शिकवतच होता. स्वतःच्या डब्यातली भाकरी कागदावर काढून माझ्यापुढे सरकवलीत आणि म्हणालात, "खाता खाता ऐका." आमच्या घरात मला असं बसवून कुणी काही शिकवलं नव्हतं. वडिलांनी शाळेत घातलं, एवढंच त्यांना जमण्यासारखं होतं.

मग मी गावी येऊन सगळं मागचं लिहून काढलं. एवढ्यात मार्च संपत आला. तुमचं कार्ड आलं, की बोर्डाच्या मंडळींनी ठरवलंय, या खेपेला ग्रांट बुडाली तर खोली बंद. कागद लगोलग पाठवा. कागद तयार होते, पण डॉक्टर तापानं पडले होते, बाजाराला आलेच नव्हते. दाखला राहिला होता. मी उद्या कर्जतला जाते, परवा जाते म्हणत होते आणि दारात एकेक बाई येत होती.

आणि एका दुपारी तुम्हीच येऊन उभे राहिलात. पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या त्या सर्व्हिस मोटारीनं तुमचं धोतर, टोपी, मिशा, सगळं काळं करून टाकलेलं. मी आत होते. पहिलटकरीण होती, वस्तीवरच्या एका शेतकऱ्याची बायको, आणि बाळ पायाळू. मला दारातही येता येत नव्हतं. मी आतूनच ओरडले, "बसा, मला आत्ता हलता यायचं नाही!" तुम्ही पडवीत बसलात. आत्याबाईंना वाटलं, हा आतल्या पोरीचा कुणी चुलता-मामा आहे. त्या तुम्हाला म्हणाल्या, "अवो बाबा, नुसतं बसून काय ऱ्हायलाय? चुलीत लाकडं सारा की. पानी लई लागंल." मी आतून ऐकतेय. बोर्डाचे हेडक्लार्क! पण तुमचा शांत आवाज आला, "फुंकणी कुठंय, आजी?"

तुम्ही पाणी तापवलंत, अण्णा. हंडे उतरवलेत, आडाचं पाणी शेंदलंत, पुन्हा चढवलंत. दारापर्यंत आणून ठेवायचं आणि पाठ फिरवून उभं राहायचं. परतीची मोटार आली, शिंग वाजवून गेली, तुम्ही हलला नाहीत. आत पोरगी ओरडत होती, मधेच आवाज बंद व्हायचा, तो बंद झाला की मला बाहेर तुमची येरझार ऐकू यायची. पाय आले, अंग आलं, डोकं अडलं. त्या वेळी मी देवाचं नाव घेतलं की मला शिकवणाऱ्या नगरच्या डॉक्टरीणबाईंचं, ते आठवत नाही. हात मात्र शिकवल्यासारखे चालले. बाळ निळं होतं. मी ते उलटं धरलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली, आणि मग ते रडलं.

मी बाहेर आले तेव्हा दिवस कलला होता. तुम्ही पायरीवर बसला होता, हाताला चटका बसलेला, डोळे धुरानं लाल. मला वाटलं, आता ओरडणार. तुम्ही विचारलंत, "दोघं?" मी म्हटलं, "दोघं बरी आहेत. मुलगी झाली." तुम्ही टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत. मग म्हणालात, "मी इतकी वर्षं ही बिलं करतो, बाई. आत काय चालतं ते आज ऐकलं." आणि लगेच हात पुढे केलात, "कागद?"

दाखला नाही म्हटल्यावर आत्याबाई सहज बोलल्या, "मंग तुमीच मारा की सही डाक्तरची. कोन बगतंय?" तुम्ही त्यांच्यावर रागावला नाहीत. म्हणालात, "आजी, यंदा चालून जाईल. पण एकदा खोटं सापडलं, तर सूनबाईंच्या खऱ्या कागदालाही पुढं कुणी विचारायचं नाही." आत्याबाईंनी मान हलवली. "व्हय. ते बी खरंच हाय." तेवढ्यात जन्मलेल्या पोरीचा बाप, तो वस्तीवरचा शेतकरी, पुढे आला. दिवसभर तो गाडीच्या चाकाशी गुडघ्यात मुंडकं घालून बसला होता. म्हणाला, "मी सोडतो साहेबांना कर्जतला. बैल ताजं हायती." तुम्ही निघता निघता मला आतला तक्ता आणायला लावलात आणि आज जन्मलेल्या पोरीची ओळ त्यात लिहून घेतलीत. "झालंय ते लिहा," एवढंच म्हणालात.

पुढचं मला नंतर कळलं. तापातल्या डॉक्टरांना उठवून, कागद वाचून दाखवून तुम्ही दाखला घेतलात, पहाटेच्या मोटारीनं नगर गाठलंत, आणि मुदतीत बिल दाखल केलंत. ग्रांट आली. थकलेला पगार आला. आत्याबाईंनी दुकानदाराची उधारी स्वतः जाऊन फेडली आणि येताना गूळ घेऊन आल्या. खोली राहिली. फक्त रॉकेलचा खर्च नामंजूर झाला. त्याचं तुमचं कार्ड आलं होतं, "सरकारच्या मते बाळं दिवसाउजेडी जन्मतात. पुन्हा लिहितो आहे." पुढच्या साली तुम्ही तेही मंजूर करून आणलंत. पाणी उकळायला तामचिनीचं दुसरं पातेलं लढाईमुळं काही केल्या मिळेना, तर एक दिवस मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर नवंकोरं पातेलं आलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, "हे बिलात धरू नये."

मालक लढाईवरून सुखरूप आले, स्वराज्य आलं, आणि तुमची पेन्शन झाल्याचं मला नव्या हेडक्लार्ककडून कळलं. मी तिमाहीचे कागद घेऊन गेले तर तुमच्या खुर्चीवर तो बसलेला. तुम्ही गेल्याची बातमी त्यानंतर आली, तीही मोटारस्टँडवर, उभ्या उभ्या. आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. म्हणाल्या, "आपला पानी तापवनारा बाबा गेला गं."

तुमच्या मुलीचा पुण्याचा पत्ता कुणीतरी दिला होता. पण तिला हे पाठवून काय करू? तिला तुम्ही वडील म्हणून ठाऊक, माझ्या या गोष्टीत ती कुठं नाही. हे इथंच राहील, माझ्या उशाखाली.

एक मात्र कुणाला सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते. सगळ्या नर्सा त्या तक्त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या, आणि मीही त्यांच्यात बसून मोडायची. पण मला ते काम आवडायचं, अण्णा. तिमाही संपली की हात स्वच्छ धुऊन मी चटईवर कागद मांडायची आणि एकेका ओळीला तिची बाई आठवायची. नोकरीतून सुटले तेव्हा बाळंतपणांची सवय लवकर मोडली. तिमाहीची काही मोडली नाही.