गोमतीत सोडलेला नारळ

आई,

लखनौत सध्या माझ्यावर घोर अन्याय चालू आहे. अख्ख्या अलीगंजात आमसूल मिळेना. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने शेवटी गंभीर चेहऱ्याने अमचूर पुढे केला. "खट्टा ही तो है साहब, पेट में जाकर कौन पूछता है?" देशाचा कारभार याच तत्त्वावर चालत असल्यामुळे मी पुडी घेतली.

तू घेतली नसतीस. अजून डोळ्यांसमोर आहे, निशातगंजच्या मासेबाजारात बर्फातून आलेलं पापलेट तू तळहातावर घेतेस, ते तळहातही भरत नाही. "भैया, ये तो बच्चा है. इसकी माँ कहाँ है?" मासेवाला हात जोडतो. "माताजी, मछली लेनी है कि रिश्ता तय करना है?" सगळा बाजार हसतो, मीही हसतो, आणि तू ते पिल्लू बर्फात परत ठेवून रोहू घेतेस. पावसाळ्यात तर समुद्राच्या माशाचं नावच नाही. दर्या बाळंतपणात असतो, म्हणायचीस. बाबांच्या रेल्वेच्या नोकरीने तुला मालवणातून उचलून या कोरड्या शहरात आणून टाकलं, पण पथ्य दर्याचंच पाळलंस.

जुलैत इथल्या एका हॉटेलात समुद्रसंवर्धनावर परिसंवाद झाला. जेवणाआधी लोकांना हसवायला मला बोलावलं होतं. माझा धंदाच तो. पडद्यावर निळा समुद्र, मंचावर बाटलीबंद पाणी, आणि शाश्वत मासेमारीच्या ठरावाला टाळ्या पडल्यावर ताटात अख्खं तळलेलं पापलेट, एकेका घासाचं. शेजारचे अधिकारी म्हणाले, "बेबी है, काँटा नहीं चुभता." ऐन मासेमारीबंदीच्या महिन्यात. लोक माझ्या विनोदांना हसले. त्या ताटाएवढा विनोद मला काही जमला नाही.

त्याच आठवड्यात मामाचा फोन आला. गावाची रापण गेली, आई. सगळ्या वाडीने किनाऱ्यावरून ओढायचं ते जाळं, दोरीला हात लावील त्याला वाटा देणारं. आता रात्री दिवे लावून मोठ्या बोटी मासळी खोल पाण्यातच उचलतात. किनाऱ्यापर्यंत यायला काही उरत नाही. "कापून बागायतदारांक दिली," मामा म्हणाला. "आता ती माकडां अडवतली." मी म्हटलं, निदान काहीतरी अडकेल. तो हसला नाही. म्हणाला, "औंदा आमी दर्याक नारळ देवचंव नाय. खंयच्या तोंडान देवचो? तुझ्या आवशीचो तेवढो रवलोहा. तू दी."

दर नारळी पौर्णिमेला तू गोमतीत नारळ सोडायचीस. गोमती गंगेला मिळते, गंगा सागराला, पोचेल की, म्हणायचीस. तू गेल्यापासून कोणी दिला नव्हता.

काल नारळी पौर्णिमेला मी गेलो. नारळ दोन हातही पुढे गेला नाही, जलपर्णीत अन् पिशव्यांत अडकून बसला. काठावरून एकजण ओरडला, "अरे भाई साहब, नाला गिरता है उधर!" मी चपला काढल्या, पँट दुमडली आणि त्या काळ्या पाण्यात गुडघाभर उतरून नारळ धारेला लागेपर्यंत ढकलला. मामाला एवढंच कळवलं: दिला.

हे पत्र नदीत सोडणार नाही, तिच्यात कचरा पुरेसा आहे. आणि नारळ पोचेल असं मला वाटत नाही, आई. वाकून बघत मात्र राहिलो.