निळी केबल काढू नकोस

ताई,

मुलाखत अकराची आहे, पण लॅपटॉप पावणेअकरालाच उघड. राउटरपासून तुझ्या टेबलापर्यंत निळी केबल टाकली आहे. दाराखालून नेली आहे, अडखळू नकोस. वायफाय मुद्दाम बंद ठेवलंय. सकाळी तीन तास नेट चालवून बघितलं, एकदाही तुटलं नाही. तरी चार वेळा उठून प्लग चाचपून आलो.

मागची मुलाखत अर्ध्यात तुटली, तेव्हा मी लॅपटॉपवर विंडोजऐवजी टाकलेल्या सिस्टिमवर खापर फोडत तू म्हणालीस, "तुझं हे फुकटचं लिनक्स!" मी आठवडाभर उगाच त्याची सेटिंग्ज उचकत बसलो. बिचाऱ्या लिनक्सचा काही दोष नव्हता. राउटरचं बटण मीच दाबलं होतं. तू नोकरीसाठी लांब गेलीस तर बाबांचं सगळं मला एकट्याला कसं झेपणार, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

घरात थांबलो तर पुन्हा हात शिवशिवेल, म्हणून बाबांना व्हीलचेअरवरून बागेत नेतोय. साडेबाराशिवाय येत नाही.

त्यांची अंघोळ, नाश्ता, गोळ्या, सगळं झालंय. तुला उठवलं नाही. जमलं मला.